किती वेळ चालेल? एअरपोर्टचा कंटिन्युइटी प्लॅन बनवताना

आमच्या एअरपोर्टवर इमर्जन्सी प्लॅन आधीपासून होताच. जाडजूड फाइल, विमान घसरलं तर काय, बॉम्बची धमकी आली तर काय, हायजॅक झालं तर कमिटीत कोण कोण बसणार, सगळं लिहिलेलं. लायसन्ससाठी तो लागतोच आणि दोन वर्षांतून एकदा फुल स्केल एक्सरसाइज पण करावा लागतो, खऱ्या फायर गाड्या, खऱ्या अॅम्ब्युलन्स, जखमी म्हणून झोपवलेली कॉलेजची पोरं. पण त्या फाइलमध्ये पुढचं काहीच नव्हतं. जखमी हॉस्पिटलला पोचले, आग विझली, आणि विमान अजून रनवेच्या टोकाला चिखलात रुतून बसलंय, तर पुढचे चार दिवस एअरपोर्ट चालवायचं कसं? बरीच वर्षं एअरसाइडला (रनवे आणि विमानांच्या बाजूला) शिफ्ट केल्यावर मला या "पुढचे चार दिवस" वाल्या कामावर, म्हणजे कंटिन्युइटी प्लॅनवर (काहीही बंद पडलं तरी एअरपोर्ट चालू ठेवायचा प्लॅन) घेतलं, त्याचा हा अनुभव.

चार दिवस हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत धो धो पावसात जयपूरहून आलेलं बोइंग ७३७ मेन रनवेवरून पुढे गेलं आणि रुतलं, तो रनवे परत उघडला ५ जुलैला. सप्टेंबर २०१७ मध्ये वाराणसीहून आलेल्या विमानाचं पण तिथे असंच झालं होतं. मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना क्रॉस करतात, त्यामुळे दोन असले तरी दोन्ही एकदम स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि मेन बंद पडला की सगळा भार दुसऱ्या, १४/३२ नंबरच्या रनवेवर, तिथे तासाला होणारी विमानं कमी, वारा आडवा असला की अजून कमी. बाहेरच्या माणसाला वाटतं क्रेन आणा आणि उचला. पण विमान असं उचलता येत नाही, आधी इंधन काढा, मग चिखलात खडी टाकून पक्का रस्ता करा, मग एअरबॅग फुगवून हळूहळू वर घ्या, आणि हे सगळं पाऊस चालू असताना. त्यासाठीचं खास किट देशात मोजक्या ठिकाणी असतं, २०१९ ला एअर इंडियाचं किट कामाला आलं. म्हणून आमच्या प्लॅनमध्ये पहिली गोष्ट मी हीच लिहून घेतली की किट कुठून येणार, कोण फोन करणार, पैसे कोण भरणार, आणि ते ट्रकने यायला किती तास लागतात.

पण हे झालं एका प्रसंगाचं. कामाची सुरुवात नेहमीसारखी एक्सेल शीटने झाली. पूर, चक्रीवादळ, भूकंप, संप, ड्रोन, सायबर हल्ला, महामारी, पक्षी, इंधनाचा तुटवडा… प्रत्येकाला लाइकलीहूड एक ते पाच, इम्पॅक्ट एक ते पाच, गुणाकार करा, लाल-पिवळा-हिरवा रंग द्या. मीटिंगमध्ये दोन तास नुसता यावर वाद की भूकंपाला दोन द्यायचा की तीन. माझं स्पष्ट मत आहे की कारणांची यादी करत बसण्यात अर्थ नाही, ती कधी संपतच नाही. १९ जुलै २०२४ ला जे झालं ते कुठल्या एअरपोर्टच्या यादीत होतं? एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा अपडेट चुकीचा गेला, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाखाच्या आसपास मशीनच्या स्क्रीन निळ्या पडल्या आणि आपल्याकडे काउंटरवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली, त्याचे फोटो तुम्ही पण बघितले असतील. कारण कुणी लिहिलं नव्हतं, पण "चेक-इन सिस्टीम नाही" ही परिस्थिती तर आधीच लिहून ठेवता आली असती ना? मग ती अपडेटमुळे जावो, केबल तुटून जावो की हॅकरमुळे जावो. त्यामुळे आम्ही शीट उलटी केली. काय गेलं हे आधी लिहायचं, वीज, पाणी, रनवे, आयटी, माणसं, बाहेरचा सप्लायर. आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न, याच्याशिवाय किती वेळ चालेल? रंग त्यानंतर द्यायचे, म्हणजे ज्याचं उत्तर मिनिटात येतं ते आधी आणि ज्याचं दिवसात येतं ते नंतर, आणि त्यात पुन्हा वर्षभरात होण्याची शक्यता बघायची.

प्रश्न सोपा दिसतो पण खरं उत्तर मिळवायला जीव निघतो. कुठल्याही डिपार्टमेंटला विचारा, "आमचं काम एक मिनिट पण थांबून चालणार नाही मॅडम." सगळंच जर शून्य मिनिटांचं असेल तर मग प्राधान्य कशाला देणार? मग मी वेगळं विचारायला लागले, मागच्या वेळी बंद पडलं होतं तेव्हा काय केलंत? यावर लोक मोकळे होतात. रात्रीच्या शिफ्टला जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, ऐकायचं. बॅगेज बेल्ट बंद पडला तेव्हा लोडर सुपरवायझरने पोरांना साखळीत उभं करून बॅगा हातोहात खाली दिल्या होत्या आणि दोन फ्लाइट वेळेवर काढल्या होत्या, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं. म्हणजे बेल्टचं उत्तर शून्य मिनिटं नव्हे, पुरेशी माणसं असतील तर तास-दीड तास, नंतर माणसं थकतात.

सगळ्यात मोठं उत्तर मिळालं ते क्लीनिंगच्या सुपरवायझर ताईंकडून. त्या म्हणाल्या, "लाइट गेली तर आम्ही टॉर्चवर करू, पाणी गेलं तर तासाभरात टर्मिनलमध्ये कोणी थांबणार नाही." आमच्या शीटमध्ये पाणी खूप खाली होतं. मग पाण्याचा माग काढत गेलो. टॉयलेट तर आहेच, पण तेच पाणी कूलिंग टॉवरला, म्हणजे एसीला. आणि फायर स्टेशनच्या टाकीत भरणारं पाणी पण त्याच लाइनवरून. फायरचं गणित वेगळंच आहे, एअरपोर्टला कॅटेगरी असते, विमानाच्या लांबी-रुंदीवरून ठरते, कॅटेगरी ७ ला दोन फायर गाड्या आणि १२,१०० लिटर पाणी, कॅटेगरी ९ ला तीन गाड्या आणि २४,३०० लिटर, शिवाय फोम. एखादी गाडी नादुरुस्त झाली किंवा पाणी कमी पडलं की कॅटेगरी खाली आणावी लागते, नोटाम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढावा लागतो आणि मोठी विमानं येऊ शकत नाहीत. रनवे चकाचक, धावपट्टीचे दिवे चालू, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) हजर, आणि पाण्यामुळे वाइडबॉडी (मोठी, रुंद विमानं) परत पाठवायची, असं होऊ शकतं. हे साखळीतलं नातं कागदावर आलं ते ताईंच्या एका वाक्यामुळे.

आता विजेचं सांगते, कारण त्यात मी सगळ्यात जास्त शिकले.

वीज गेली की यूपीएस घेतो, डीजी सेट (डिझेल जनरेटर) सुरू होतो, सगळं परत चालू. दर महिन्याला डीजीची टेस्ट होते, रजिस्टरवर सह्या आहेत. पण ती टेस्ट असते पंधरा मिनिटांची आणि बहुतेक वेळा लोड न देता. आम्ही ठरवलं की टर्मिनलची मेन सप्लाय खरोखर बंद करायची आणि बराच वेळ बंदच ठेवायची. परवानगी मिळायला खूप दिवस गेले, आणि मी म्हणते बरोबर आहे, कारण चालू एअरपोर्टची वीज मुद्दाम बंद करायला कोण पटकन हो म्हणेल. शेवटी मध्यरात्रीनंतरची, फ्लाइट नसलेली वेळ मिळाली, एटीसी, सीआयएसएफ, एअरलाइन, सगळ्यांना कळवलं, रनवेच्या दिव्यांचं सबस्टेशन वेगळं आहे त्याला हात लावायचा नाही असं ठरलं (कॅट टू-थ्री, म्हणजे दाट धुक्यातल्या लँडिंगसाठीच्या सेंटरलाइन दिव्यांना १ सेकंदात बदली वीज मिळावी लागते, त्यापेक्षा जास्त दिसत असतानाच्या कॅट वनला रनवेच्या दिव्यांना १५ सेकंद चालतात, तिथे खेळ नको). ब्रेकर उघडला. अंधार, मग दहा-बारा सेकंदात डीजीचा आवाज, दिवे परत. कंट्रोल रूममध्ये सगळे खूश, एकाने तर टाळ्या पण वाजवल्या. आमचे इलेक्ट्रिकलचे सीनियर, त्यांना सगळे दादाच म्हणतात, ते पॅनेलपासून हलले नाहीत. म्हणाले, "थांबा मॅडम, आता कुठे सुरुवात आहे."

अर्ध्या तासाने सर्व्हर रूममधून फोन आला की आत गरम होतंय. सर्व्हर डीजीवर होते, एसीचे पंखे पण डीजीवर होते, पण थंड पाणी देणारा चिलर डीजीवर नव्हता, त्याचा लोड जास्त म्हणून बांधतानाच बाहेर ठेवलेला. म्हणजे पंखे नुसती गरम हवा फिरवत होते. दरवाजे उघडून पेडेस्टल फॅन लावले तरी पारा चढतच होता. आणि त्याच्याही पुढची गोष्ट दादांनी दाखवली. डीजीच्या शेजारी एक छोटी डिझेल टाकी असते, तिच्यात काही तासांचं डिझेल, ती संपत आली की मागच्या मोठ्या टाकीतून पंप डिझेल ओढतो. तो पंप नॉर्मल सप्लायवर होता. म्हणजे वीज गेली की डीजी चालणार, पण डीजीला डिझेल पाजणारा पंप मात्र विजेशिवाय बंद! मोठ्या टाकीत डिझेल भरलेलं आणि शेजारी डीजी उपाशी. पंधरा मिनिटांच्या टेस्टमध्ये हे जन्मात कळलं नसतं. दुरुस्ती म्हणाल तर किरकोळ, पंपाची केबल डीजीच्या पॅनेलला घेतली, वर एक हातपंप ठेवला, सर्व्हर रूमला चिलरवर अवलंबून नसलेले दोन वेगळे एसी बसवले. जेवढा खर्च आला त्यापेक्षा जास्त खर्च आम्ही दरवर्षी प्लॅनची फाइल छापण्यावर आणि प्रेझेंटेशनवर करतो.

यानंतर दादा आणि मी केबलच्या वाटेने पायी फिरलो. आम्हाला दोन वेगळ्या सबस्टेशनवरून फीडर (वीज आणणाऱ्या केबल) येतात, कागदावर एकदम सुरक्षित. प्रत्यक्षात शेवटच्या टप्प्यात दोन्ही केबल एकाच ट्रेंचमधून येतात. एक जेसीबी चुकीच्या जागी खोदायला लागला की दोन्ही गेल्या. जगातल्या सगळ्यात बिझी एअरपोर्टचं हेच झालं होतं, अटलांटा, १७ डिसेंबर २०१७, जमिनीखालच्या बोगद्यात आग लागली, मेन आणि बॅकअप दोन्ही केबल तिथूनच जात होत्या, जवळपास अकरा तास वीज नाही, हजाराच्या वर फ्लाइट रद्द. दोन असणं वेगळं आणि दोन वाटेने असणं वेगळं.

हीथ्रोचं उदाहरण तर आमच्या टीमने अक्षरशः पाठ केलंय. २० मार्च २०२५ च्या रात्री नॉर्थ हाइड सबस्टेशनला आग लागली आणि २१ तारखेला जवळजवळ दिवसभर हीथ्रो बंद, तेराशेच्या आसपास फ्लाइटना फटका. लोकांनी विचारलं की बाकीची दोन सबस्टेशन होती ना? होती, आणि त्यांच्यात ताकद पण होती. पण आतलं सगळं जाळं तिकडे फिरवायचं, मग शेकडो सिस्टीम एकेक करून सुरू करून तपासायच्या, यात तास गेले. म्हणजे वीज आहे का हा प्रश्नच अपुरा आहे, वीज आल्यापासून पहिलं विमान निघेपर्यंत किती वेळ हा खरा प्रश्न. चौकशीत असं पण निघालं की त्या ट्रान्सफॉर्मरच्या एका भागात ओलावा आहे हे २०१८ मध्येच दिसलं होतं आणि दुरुस्ती झाली नव्हती. आणि अजून एक, तिथल्या सीईओंचा फोन उशाशी होता पण सायलेंटवर गेला होता, त्यामुळे रात्री कॉल लागले नाहीत, निर्णय ऑपरेशन्सच्या मुख्य अधिकाऱ्याने घेतला आणि तो निर्णय बरोबर होता असं चौकशीनेच म्हटलं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की साहेब उठले नाहीत तरी काम अडलं नाही. आपल्याकडे हे होईल का? रात्री अडीच वाजता टर्मिनल रिकामं करायचा निर्णय ड्युटी मॅनेजर स्वतःच्या सहीने घेऊ शकतो का? आमच्या प्लॅनमध्ये मी हे स्पष्ट लिहून घेतलं, वरचा माणूस दहा मिनिटांत मिळाला नाही तर अधिकार खालच्याकडे, आणि नंतर त्याला कोणी जाब विचारणार नाही. या एका परिच्छेदावर जेवढ्या मीटिंग झाल्या तेवढ्या बाकी सगळ्या प्लॅनवर मिळून झाल्या नसतील.

चेक-इन सिस्टीम गेल्याचा सराव आम्ही कॉम्प्युटर बंद करून, खोटे पॅसेंजर आणून केला. रिकामे बोर्डिंग कार्ड, सीटचे स्टिकर, हाताने लिहायचे बॅग टॅग, आधी प्रिंट काढलेली पॅसेंजर लिस्ट. एका पॅसेंजरला एरवी दीड-दोन मिनिटं लागतात तिथे पाच-सहा लागायला लागली. याचा अर्थ काय, तर रांग काउंटरपुरती राहत नाही, ती मागे सरकत सरकत टर्मिनलच्या दारापर्यंत आणि मग रस्त्यावर येते. म्हणजे सगळ्यात आधी ताण येतो तो गेटवर आयडी बघणाऱ्या सीआयएसएफच्या जवानावर, आणि त्याला बिचाऱ्याला आत काय झालंय हेच माहीत नसतं. म्हणून आता प्लॅनमध्ये पहिला फोन गेटला जातो, कुठल्या फ्लाइटचे पॅसेंजर आत सोडायचे आणि कुठले थांबवायचे हे तिथे सांगायचं, मग बाकीचं. बाहेर थांबलेल्यांसाठी सावली, पाणी, आणि मोठा पांढरा बोर्ड ज्यावर मराठी, हिंदी, इंग्लिशमध्ये हाताने लिहिता येईल. स्क्रीन बंद असताना पॅसेंजरला काहीतरी खरं वाचायला मिळालं तर निम्मी भांडणं होतच नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

डायव्हर्जनचं पण लिहिते, कारण ते दुसऱ्याचं संकट आपल्या अंगणात येणं आहे. दिल्लीत धुकं, मुंबईत पाऊस, की विमानं आजूबाजूला पांगतात. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान मुंबईत वळवलं आणि पॅसेंजर खाली उतरून अॅप्रनवर (विमानं उभी राहतात त्या जागेवर) बसून जेवले, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्या लोकांचा मला राग येत नाही, इतके तास अडकल्यावर माणूस काय करेल. आम्ही एटीसीबरोबर बसून आधीच आकडा ठरवला की किती डायव्हर्जन घ्यायची, त्यापुढे नाही म्हणायचं. आकडा नुसत्या स्टँडवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागांवर, ठरत नाही. टो-बार (विमान ढकलायचा दांडा) विमानाच्या टाइपप्रमाणे लागतो, तो नसेल तर आलेलं विमान ढकलून मागे घेता येत नाही आणि ते स्टँड अडवून बसतं. शिड्या किती, बस किती, क्रूची ड्युटी संपली तर विमान रात्रभर तिथेच. हे सगळं एका पानावर आहे आता, शिफ्ट इनचार्जच्या टेबलावर काचेखाली.

पुराचं आमच्याकडे सगळ्यांना लवकर कळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी मुंबई एअरपोर्टच्या खालूनच वाहते, एअरपोर्ट बंद पडलं. कोचीला ऑगस्ट २०१८ मध्ये १५ पासून २९ तारखेपर्यंत एअरपोर्ट बंद होतं, मधल्या काळात २० तारखेपासून नौदलाच्या आयएनएस गरुड तळावरून छोटी विमानं उडवली. म्हणजे कधीकधी चालू ठेवणं म्हणजे दुसरीकडून चालवणं. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागल्यावर बरेच जण म्हणाले की आता मुंबईला बॅकअप आला. रनवे अडला, टर्मिनलमध्ये आग लागली, तर नक्कीच आला. पण तोच ढग दोन्हीकडे बरसला, तर? तिथे बॅकअप थोडा लांबचाच लागतो. आणि मुंबई दरवर्षी मान्सूनआधी दोन्ही रनवे एक दिवस काही तास बंद ठेवून दुरुस्ती करते, ९ मे २०२४ ला अकरा ते पाच ठेवले होते, नोटाम महिने आधी निघतो, एअरलाइन वेळापत्रक बदलतात. काही लोक कुरकुर करतात, मला विचाराल तर कंटिन्युइटीचं याच्याइतकं चांगलं काम दुसरं नाही.

सगळ्याला पैसे नसतात. केबलचा दुसरा ट्रेंच महाग आहे, मंजुरी यायची आहे, तोपर्यंत वरून काँक्रीटच्या फरश्या, ठळक खुणा, आणि तिथे कोणीही खोदायचं असेल तर दादांची सही आणि उभा राहणारा माणूस. प्लॅनमध्ये त्या ओळीपुढे "स्वीकारलेली जोखीम" असं लिहून वरिष्ठांची सही घेतली, तारखेसकट. सही मागितल्यावर दोन वर्षं अडलेली एक फाइल आपोआप हलली, हे पण सांगून ठेवते.

सध्या अडलंय ते माणसांवर. मोठा पाऊस झाला, लोकल आणि रस्ते बंद झाले की पुढची शिफ्ट येत नाही आणि आधीची घरी जात नाही. ऑफिसरसाठी रेस्ट रूम आहेत, एटीसीची सोय वेगळी आहे. लोडर, क्लीनिंग, ट्रॉलीवाली पोरं काँट्रॅक्टवर, त्यांच्या झोपण्याची, जेवणाची, कोरड्या कपड्यांची सोय कुठल्याच काँट्रॅक्टमध्ये नाही आणि सलग दुसऱ्या शिफ्टचे पैसे कोणी द्यायचे यावर एजन्सी आणि आमची फायनान्स टीम एकमेकांकडे बोट दाखवतात. बॅगा हातोहात देऊन फ्लाइट काढणारे तेच आहेत. टर्मिनलच्या मागे एक जुनं स्टोअर रिकामं आहे, तिथे पलंग, गिझर आणि छोटं किचन मागितलंय, जूनच्या आत व्हावं म्हणून पाठपुरावा चालू आहे. कुणाच्या एअरपोर्टवर, हॉस्पिटलमध्ये किंवा डेपोत काँट्रॅक्टच्या लोकांसाठी अशी सोय टेंडरमध्येच लिहिली असेल तर ते कलम कसं लिहिलंय ते मला हवंय.